वेदीवरील तांबडा द्राक्षारस आणि दख्खनची माती



ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास निरनिराळ्या लेखकांनीं आपापल्या परीनें लिहिला आहे. देऊळ केव्हां बांधलें, शाळा कोणी काढली, घंटा कोठून आली, हें सर्व वाचकांस इतर पानांवर सांपडेल. संपादक-मंडळानें आमच्याकडे कांहीं पानें सोपविलीं व "फादर, आपणांस हवें तें लिहा" असें सांगितलें. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, जिच्यावांचून गेल्या पन्नास वर्षांत ह्या वेदीवर एकही मिस्सा झाली नाहीं आणि जिच्याविषयीं कोणीं एक ओळही लिहिली नाहीं, त्या वस्तूचा इतिहास सांगावा. ती वस्तु म्हणजे चषकांतील द्राक्षारस.

हा विचार आमच्या मनांत आजचा नव्हे. आम्हांस गुरुदीक्षा मिळून थोडींच वर्षें झालीं होतीं. मांजरा नदीकांठच्या एका खेड्यांत, भर पावसाळ्यांत, आम्ही रविवारच्या मिस्सेसाठीं गेलों. आसपासच्या चार वाड्यांवरून लोक चिखल तुडवीत आले होते. वेदी मांडली, मेणबत्त्या लावल्या, आणि बाटलीचें बूच काढतांच आंबूस उग्र वास नाकांत भरला. रसाचा शिरका झाला होता. चूक सर्वस्वी आमचीच. अर्धी वापरलेली ती बाटली आम्हीं उन्हाळाभर पत्र्याच्या कपाटांत ठेविली होती. ख्रिस्तसभेचा नियम स्पष्ट आहे कीं, द्राक्षारस नैसर्गिक असावा, द्राक्षवेलीच्या फळाचाच असावा आणि बिघडलेला नसावा. नाल्यास पूर आलेला, दुसरी बाटली कित्येक मैलांवर. आम्हीं शास्त्रपाठ वाचले, प्रवचन केलें, प्रार्थना म्हटल्या; परंतु मिस्सा झाली नाहीं. लोक मुकाट्यानें परत निघाले. तेवढ्यांत एक वृद्ध शेतकरी दाराशीं थांबला व म्हणाला, "फादर, द्राक्षं तर आपल्या औशाकडंबी व्हत्यात. मग ह्यो रस इतक्या लांबून कशापायी आणायचा?"

आम्हीं त्यास कांहीं तरी उत्तर दिलें. तें उत्तर खरें नव्हतें, कारण खरें उत्तर आम्हांस ठाऊकच नव्हतें. पुढें जसजसें वाचलें, मळे पाहिले, शेतकऱ्यांशीं बोललों, तसतसें कळूं लागलें कीं, म्हाताऱ्याचा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. त्याचें उत्तर अर्धें इतिहासांत आहे आणि अर्धें मातींत.

इतिहासापासून आरंभ करूं. लातुराहून फार दूर नाहीं असें तेर नांवाचें गांव धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यांत तेरणा नदीवर आहे. तें प्राचीन काळचें 'तगर' होय, असें फ्लीट ह्या विद्वानानें १९०१ सालीं दाखवून दिलें. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक खलाशानें हिंदी महासागराच्या प्रवासाचें वर्णन लिहून ठेविलें. त्यास 'पेरिप्लस' म्हणतात. त्यांत भडोच बंदरांत येणाऱ्या मालाची यादी आहे, आणि त्या यादींत द्राक्षारस आहे. इटलीच्या द्राक्षारसास पहिली पसंती, त्याखालोखाल लाओदिकिया व अरबस्तान येथील. त्याच पुस्तकांत दख्खनच्या दोन मोठ्या पेठांचीं नांवें येतात, पैठण आणि तगर. तगराहून सुती कापड गाड्यांवर लादून भडोचेस जात असे. नेवाशाच्या उत्खननांत रोमन पद्धतीच्या मातीच्या मोठ्या कुंभांचे तुकडे निघाले आहेत, तेव्हां हा माल घांट चढून वर येत होता ह्यांत शंका नाहीं. म्हणजे ज्या शतकांत प्रभु येशूनें यरुशलेमांतील माडीवर तो चषक हातीं घेतला, त्याच शतकांत आमच्या ह्या प्रदेशांतून कापूस बाहेर जात होता आणि इटलीचा द्राक्षारस दख्खनांत येत होता. दोन हजार वर्षांपूर्वींही रस लांबूनच येत होता, हें त्या वृद्धास सांगितलें असतें तर तो काय म्हणाला असता कोण जाणे!

आपल्या देशांत द्राक्षारस होतच नव्हता असें मात्र नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मद्यांचे प्रकार सांगतांना द्राक्षांच्या रसास 'मधु' म्हटलें आहे, आणि त्याची ओळख त्याच्या देशावरून होते असें सांगून कापिशायन व हारहूरक हीं दोन नांवें दिलीं आहेत. कापिशी हें स्थळ आजच्या अफगाणिस्तानांत येतें. आम्हांस ह्यांतील मर्म महत्त्वाचें वाटतें. इतर मद्यें काय काय घालून करावीं तें ग्रंथकार सांगतो; द्राक्षारसाच्या बाबतींत मात्र तो भूमीचें नांव घेतो. आज युरोपांतील जाणकार मोठमोठ्या ग्रंथांत जें सांगतात, कीं रस हा करणाऱ्याचा नसून मातीचा व हंगामाचा असतो, तें आपल्याकडे इतक्या जुन्या काळीं एका वाक्यांत सांगून ठेविलें होतें.

दख्खनांत प्रत्यक्ष द्राक्षवेल रुजली ती बहुधा दौलताबादेस. महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी दिल्लीहून तेथें हलविली, आणि दरबाराबरोबर उत्तरेकडील फळझाडेंही दक्षिणेंत आलीं असें मानितात. त्याच शतकाच्या मध्यास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेंतून गेला. तेथें द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोन वेळां येतात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें सर्व भिस्त हिच्यावरच आहे.

ख्रिस्ती लोकांकडे वळावें तर त्यांची अडचण फार जुनी. मलबारांतील संत थोमाचे ख्रिस्ती लोक वाळलेल्या मनुका पाण्यांत भिजवून, पिळून, त्यांच्या रसावर बलिदान करीत, असें पोर्तुगीजांनीं नमूद केलें आहे. पोर्तुगीजांना तें पसंत पडलें नाहीं. १५९९ च्या उदयंपेरूरच्या धर्मपरिषदेनें पोर्तुगालच्या राजाकडे दरवर्षीं वेदीसाठीं द्राक्षारस धाडण्याची विनंति केली. आमचें नम्र मत असें कीं, मनुकांच्या रसास एवढें हिणविण्याचें कारण नव्हतें. रंगानें व चवीनें तो खरा द्राक्षारस म्हणून ओळखतां आला तर तो ग्राह्य आहे, असें रोमनेंही पुढें मानिलें. तामिळनाडूंतील कंबमच्या खोऱ्यांत तर १८३२ च्या सुमारास एका फ्रेंच धर्मगुरूनें द्राक्षवेल आणिली असें तेथील शेतकरी आजही अभिमानानें सांगतात.

आमच्या मराठवाड्यांत कॅथलिक मिशन आलें तें १८९२ च्या सुमारास, घोगरगांवीं. तें काम हातीं घेणारे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे फादर फ्रान्सांतील सावॉय प्रांताशीं निगडित होते. संघाची स्थापनाच १८३८ सालीं आन्सी येथें झाली. फादर गुरियन जाकिये यांचें नांव ह्या भागांत अजून घरोघरीं घेतात. परंतु सावॉय हा द्राक्षारसाचा प्रांत आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. आल्प्सच्या उतारावर 'मोन्दूज' नांवाचें काळें द्राक्ष होतें आणि त्याचा गडद, तुरट, तांबडा रस तेथील शेतकऱ्याच्या रोजच्या जेवणांतला. त्या फादरांची पिढी वाढली त्याच काळांत फिलोक्सेरा नांवाची एक बारीक कीड फ्रान्सांतील वेलींचीं मुळें खात सुटली होती. शेवटीं उपाय निघाला तो असा कीं, अमेरिकेच्या रानटी वेलीचा खुंट घ्यावा आणि त्यावर युरोपची जात कलम करावी. आपल्या मुलखांत असला विध्वंस पाहिलेल्या लोकांनीं निजामाच्या राज्यांतील काळ्या जमिनींत येऊन बाजरीची भाकरी खात काम केलें, आणि वेदीवरील दोन थेंबांसाठीं दूरच्या बंदराकडे पाहिलें. त्याच राज्याच्या राजधानींत, हैदराबादेस, १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनीं 'अनाब-ए-शाही' ही द्राक्षाची जात आणिली. मोठा, पांढरा, दळदार मणी; खाण्यास उत्तम. रसासाठीं मात्र ती जात नव्हे.

येथें थोडें थांबून हा भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्या वृद्धाचा गैरसमज येथेंच होता. औशाकडे जीं द्राक्षें होतात तीं खाण्याचीं. साल पातळ, गर भरपूर, बी नाहीं. तांबड्या द्राक्षारसाचें द्राक्ष त्याच्या उलट असतें. मणी लहान, साल जाड, आंत बिया. काळ्या द्राक्षाचाही रस पिळला तर बहुधा पाण्यासारखा फिकाच निघतो. तांबडा रंग आणि तुरटपणा हे दोन्ही सालींत असतात. म्हणून तांबडा द्राक्षारस करितांना रस सालीसकट आंबवितात. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानें साल अधिक. आणि मणी लहान ठेवण्याचें काम माती व पाणी करितात.

आतां हंगामाचें पाहूं. द्राक्षवेल ही समशीतोष्ण देशांची रहिवासी. इटलींत हिवाळा आला कीं तिचीं पानें गळतात आणि ती चार महिने मेल्यासारखी झोंपते. वसंतांत डोळे फुटतात, उन्हाळ्यांत मणी भरतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत, थंडीची चाहूल लागतां लागतां, तोडणी होते. जुन्या ग्रंथांत द्राक्षमळ्यांचा पट्टा ३० ते ५० अक्षांशांच्या दरम्यान सांगितलेला असतो. लातूर १८ अंशांच्या थोडें वर, नांदेड १९ अंशांवर. येथें हिम नाहीं, म्हणून वेलीस झोंपही नाहीं. मोकळी सोडली तर ती बारा महिने पानेंच काढीत राहील, आणि पावसाळ्यांत जें फळ येईल तें कुजून जाईल.

ह्यावर दख्खनच्या बागाइतदारांनीं जो उपाय काढला त्याचें आम्हांस जितकें कौतुक वाटतें तितकें फारच थोड्या गोष्टींचें वाटतें. त्यांनीं कात्रीच्या जोरावर वेलीचें वर्षच फिरविलें. एप्रिलांत वेल जवळ जवळ ओलांड्यापर्यंत छाटतात. ही खरड छाटणी. त्या कडक उन्हांत नव्या काड्या फुटतात, आणि काडीच्या डोळ्यांत, अजून कोणास दिसत नाहीं अशा स्थितींत, पुढील घड तयार होतो. पावसाळाभर वेलीस केवडा, भुरी व करपा ह्या रोगांपासून राखावयाचें. पाऊस ओसरूं लागला कीं सप्टेंबर-ऑक्टोबरांत दुसरी छाटणी, ती फळछाटणी. शेतकरी तिला गोडी छाटणी असें गोड नांव देतात. काडीवर मोजके डोळे ठेवून वरचें सर्व कापावयाचें, आणि डोळे एकदम जागे व्हावे म्हणून त्यांवर औषधाचा लेप द्यावयाचा. थोड्याच दिवसांत ते फुटतात. नाताळाच्या सुमारास मणी हिरवा, कठीण असतो. मग मण्यांत पाणी उतरतें, म्हणजे तो मऊ होतो व काळ्या जातींवर रंग चढूं लागतो. तोडणी बहुधा फेब्रुवारी-मार्चांत, म्हणजे आमच्या उपवासकाळांत! इब्न बतूतानें पाहिलेल्या दोन बहरांचें रहस्य हेंच आहे. दख्खनची वेल दोन वेळां फुटते. आजचा शेतकरी एका फुटीचें फळ मुद्दाम नाकारतो आणि दुसरीचेंच घेतो.

ह्या उलट्या वर्षाचा रसावर काय परिणाम होतो? एक मोठें वरदान असें कीं, मणी पिकतांना पाऊस नसतो. युरोपांत तोडणीच्या तोंडावर पाऊस आला कीं वर्ष वायां गेलें म्हणतात. आमच्याकडे पौष-माघांत आकाश स्वच्छ, दिवसा ऊन आणि रात्रीं गारवा. अशा रात्रींनीं सालीचा रंग व रसाचा आंबटपणा टिकतो. परंतु दुसरी बाजूही आहे. युरोपांत फळ पिकत जातें तशी हवा थंड होत जाते. येथें फळ पिकत जातें तशी हवा तापत जाते. फेब्रुवारी सरतां सरतां साखर धांवत सुटते, आंबटपणा जळून जातो, आणि साल व बी अजून कच्चीच असतात. घाईनें तोडलें तर रस हिरवट व तुरट. थांबलें तर तो उष्ण, जड आणि लवकर नासणारा. म्हणून सर्व कांहीं गोडी छाटणीच्या तारखेवर येऊन ठेपतें. लवकर छाटावें तर परतीच्या पावसांत कोंवळी फूट व फुलोरा सांपडतो. उशिरा छाटावें तर पिकणें ऐन उन्हांत येतें. त्या मधल्या थोड्याशा दिवसांत शेतकऱ्याचें वर्ष असतें.

आणि माती? आमची काळी जमीन म्हणजे अग्निजन्य काळ्या खडकाची झीज. ती पाणी धरून ठेविते, पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत हातभर भेगाळते. ज्वारी, तूर, कापूस ह्यांची ती माय. परंतु तांबड्या द्राक्षारसाच्या वेलीस ती फार लाडाची पडते. वेल पाणी पिऊन पानें वाढविते, मणी टपोरे होतात, रंग विरळ पडतो. भेगांनीं मुळें तुटतात तीं वेगळींच. शिवाय खालीं चुनखड असली तर पानें पिवळीं पडतात, आणि वारेमाप पाणी दिलें तर जमीन चोपण होते. ह्याच कारणानें दख्खनांतही वेल अमेरिकन खुंटावर बांधितात. टेक्सासकडील 'डॉगरिज' हा खुंट खारें पाणी व दुष्काळ सोसतो म्हणून फार वापरला जातो. ज्या कलमानें सावॉयचे मळे वांचले तेंच आपल्या शेतकऱ्याच्या उपयोगीं पडलें. काळ्या जमिनीहून उंचावर, माळावर, जो मुरूम असतो, ज्यास आमचे लोक "कुसळंबी येत न्हाईत" म्हणून नांवें ठेवितात, तोच तांबड्या द्राक्षारसास मानवतो. पाणी निचरून जातें, मूळ खोल जातें, मणी लहान राहतो, साल जाड होते. धान्यास जी जमीन नापसंत, ती चषकास पसंत!

हें सर्व जुळून आलेलें आमच्या जवळचें उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरस तालुका. नीरा नदीच्या दक्षिणेचा हा पर्जन्यछायेचा प्रदेश. नदीकांठीं ऊंस, आणि वर माळ. अकलूजजवळ मोटेवाडी येथें २००७ च्या सुमारास एक द्राक्षारसाचा कारखाना उभा राहूं लागला. त्यांत तीन कुटुंबांतील सहा बंधू भागीदार. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू व इटलींतील सेक्की बंधू. म्हणून नांव 'फ्रातेल्ली', म्हणजे इटालियन भाषेंत भाऊ. तोस्काना प्रांतांतील पिएरो मासी हे रस करणारे गुरु म्हणून आले. त्यांच्या तांबड्या रसांतील मुख्य रसाचें नांव 'सेत्ते', म्हणजे सात. सहा बंधू व सातवे मासी. त्यांत दोन जाती मिसळतात, इटलीची 'संजोवेसे' आणि फ्रान्सची 'काबर्ने सोविन्यों'. ही निवड आम्हांस शहाणपणाची वाटते. संजोवेसेंत मुळांतच आंबटपणा भरपूर, म्हणून आमच्या उन्हांत थोडा जळाला तरी शिल्लक राहतो. काबर्नेचा मणी लहान व साल जाड, म्हणून रंग व तुरटपणा ती पुरविते. मग तो रस ओकच्या लाकडाच्या पिंपांत मुरवितात. तगराच्या काळीं इटलीचा रस कुंभांत भरून येत असे. दोन हजार वर्षांनीं इटलीची वेलच आली आणि आमच्या शेजारच्या मुरमांत रुजली.

आम्हीं तो एका मेजवानींत एकदां चाखला आहे. आम्ही जाणकार नव्हों. गडद तांबडा, पहिल्या घोटास जिभेवर तुरट, मागाहून पिकलेल्या जांभळासारखा कांहींसा वाटला. जवळ बसलेल्या एका सद्गृहस्थांस तो गोड नाहीं म्हणून आवडला नाहीं, आणि त्यांनीं त्यांत सोडा घातला.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें आमचें कर्तव्य आहे. दारूनें ह्या धर्मग्रामांतील किती घरें बुडालीं, तें आम्हांस कबुलीघराबाहेरही पुरेसें ठाऊक आहे. हा लेख वाचून कोणीं बाटलीस पवित्र मानूं नये. द्राक्षमळ्याचें कौतुक निराळें आणि गुत्त्याचें निराळें.

तर मग लातूर-नांदेडांत असा मळा कां नाहीं? नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारें ३६० मीटर, गोदावरीच्या सखल खोऱ्यांत. जमीन भारी काळी, पाऊस सोलापुराहून पुष्कळ अधिक, आणि अर्धापुराकडे केळीच्या बागा. तेथें रसाच्या द्राक्षाचा नाद कोणीं धरूं नये असेंच आम्ही म्हणूं. लातूर त्याहून उंच, बालाघाटाच्या पठारावर. औसा-निलंगा भागांत हलकी, मुरमाड जमीन सांपडते, रात्रीं गारवा असतो. तेथें तें अशक्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु शक्य असणें निराळें आणि शेतकऱ्यास परवडणें निराळें. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण काढलें, नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन पार्क झाले, आणि पुष्कळांनीं खाण्याचीं द्राक्षें काढून रसाचीं लाविलीं. २००८ नंतर मागणी घसरली, माल पडून राहिला, आणि कित्येकांनीं त्याच वेली स्वतःच्या हातानें उपटल्या. खाण्याचें द्राक्ष कारखान्यानें नाकारलें तर बाजारांत विकतां येतें, बेदाणा करितां येतो. रसाचें बीदार, बारीक द्राक्ष कोण विकत घेणार?

शिवाय आकाश. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाड्यावर जी गारपीट झाली ती आपण सर्वांनीं पाहिली आहे. मण्यांत गोडी भरत असतांना, तोडणीस थोडे दिवस उरले असतांना, गारांनीं मांडव झोडपून काढिले. ज्या हंगामांत पाऊस नसतो म्हणून वेलीचें वर्ष फिरविलें, त्याच हंगामांत तो दगड होऊन आला. आणि पुढें दोनच वर्षांनीं, १२ एप्रिल २०१६ रोजीं, मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस दहा डब्यांत पांच लाख लिटर पाणी होतें. त्या उन्हाळ्यांत आम्हीं देवळाच्या आवारांतील टांकीवर रांगा लाविल्या. अशा मुलखांत कोणी नवा मळा लावूं म्हणाला तर पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला पाहिजे. न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, ठिबकानें पोसलेली वेल उंसाच्या मानानें फारच थोडें पाणी पिते, आणि मांजरेच्या खोऱ्यांत ऊंस किती आहे तें वाचकांस ठाऊकच आहे.

राहतां राहिला वेदीचा प्रश्न. बाजारांतील प्रत्येक बाटली वेदीवर चालत नाहीं. २००४ सालीं रोमनें पुन्हां बजावलें कीं, रस शुद्ध असावा, त्यांत परकीय द्रव्य मिसळलेलें नसावें, आणि ज्याच्या शुद्धतेविषयीं संशय असेल तो मुळींच वापरूं नये. गोड केलेल्या, रंग दिलेल्या बाटल्या येथेंच बाद होतात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेंही धर्मविधीच्या द्राक्षारसास परवानगीची वाट ठेविली होती. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व पुढें ती वाट आपणांसही लागू झाली. नियमांची अडचण म्हणावी तितकी नाहीं. पांढरा कीं तांबडा, ह्यावरही ख्रिस्तसभेचें बंधन नाहीं. पांढऱ्याचे डाग वस्त्रांवर दिसत नाहींत म्हणून पुष्कळ देवळांतून तोच वापरतात. आम्हांस स्वतःस तांबडाच आवडतो, मग चषकाचीं वस्त्रें धुणाऱ्या आमच्या सिस्टर कांहींही म्हणोत.

दख्खनच्या मुरमांत पिकलेला, भेसळीवांचूनचा तांबडा रस आमच्या वेदीवर यावा, असें आम्हांस मनापासून वाटतें. परंतु त्यासाठीं लातुराच्या एखाद्या गरीब शेतकऱ्यानें आपली दोन एकर तूर मोडून डोक्यावर कर्ज घ्यावें, असें आमच्यानें कधींही सांगवणार नाहीं. माळशिरसच्या माळावरचा रस हा परका नव्हे. तेंच पठार, तोच खडक, तेंच फिरविलेलें वर्ष. त्या वृद्धास आज उत्तर द्यावयाचें तर आम्ही हेंच देऊं. तो आतां नाहीं. त्याचा नातू मात्र दर वर्षीं गोडी छाटणीच्या दिवसांत टोळीबरोबर नाशिककडे छाटणीस जातो, आणि नाताळास घरीं येतो तेव्हां त्याच्या बोटांवर कात्रीचे घट्टे असतात.

तीन वर्षांपूर्वीं त्यानेंच आम्हांस एक कलम आणून दिलें. गुरुनिवासाच्या मागें, विहीर खणतांना निघालेल्या मुरमाच्या ढिगावर, आम्हीं तें लाविलें. तो सांगतो त्या तारखेस आम्ही छाटतों. गेल्या हिवाळ्यांत प्रथमच सात घड धरले. त्यांपैकीं पांच पांखरांनीं खाल्ले, एक शाळेच्या मुलांनीं, आणि उरलेला एक आम्हीं उपवासकाळाच्या पहिल्या रविवारीं तोडला. मणी लहान होते, साल जाड होती, आणि बिया पुष्कळ.